आमच्या आडनावाची डहाळी

आधी त्या धवलारणीचं सांगतो, मग बाकीचं. खारेपाटातल्या गावांत लग्नं लावायची, मांडवात बसून धवळे गायचे आणि कुणाच्या घराचा मान कधी ते सांगायचं, हे सगळं तिच्याकडे. भटजी आला तर आला, ती आली नाही तर लग्न उभं राहत नाही. तिनं मला एका दुपारी मांडवातून हाकलून दिलं आणि त्याच दुपारी हाताला धरून परत आत आणलं. सगळा खारेपाट तिला आये म्हणतो, म्हणून मीही आयेच म्हणतो. तिच्यामुळे माझ्या बहिणीचं लग्न झालं आणि आम्ही कोण ते आम्हाला कळलं. एवढं पहिल्यांदाच लिहून टाकतो, कारण मला सवय आहे, सांगता सांगता मी भलतीकडे जातो आणि ज्याचे आभार मानायचे तो माणूस मागेच राहतो.

आमचं आडनाव खांडबुजे. ते वाचून माणूस थांबतो आणि पुन्हा वाचतो, हेही मला सवयीचं आहे. कराचीला केमारी बंदराच्या मागं एका चाळीत आम्ही राहायचो. वडील जहाजांवरून माल उतरवणाऱ्या टोळीचे मुकादम होते. मी मराठी चौथीनंतर शाळा सोडली ती त्यांच्याच टोळीत शिरलो. चाळीत आणि आसपास आपल्या कोकणातली पुष्कळ माणसं होती. म्हात्रे म्हणून हाक मारली तर पाच दारांतून डोकी बाहेर यायची. पाटील म्हटलं तर विचारूच नका. खांडबुजे मात्र एकच घर. कोपऱ्यावरचा सिंधी दुकानदार आमचं आडनाव खानबूजी असं घ्यायचा, आणि आम्ही पठाणांपैकी आहोत असं समजून वडिलांना वाकून सलाम करायचा. वडील तो सलाम घ्यायचे. त्याला का दुखवा, असं म्हणायचे.

खानेसुमारीच्या वर्षी घरोघर फिरणारा एक मराठी मास्तर आमच्याकडे आला. तो म्हणाला, सगळं बंदर पालथं घातलं, पण हे आडनाव दुसरीकडे कुठं भेटलं नाही. आईनं त्याला चहा केला, जणू आम्हीच काहीतरी कमावलं होतं.

या आडनावाचा अर्थ काय, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आजोबा अगदी लहान असताना त्यांच्या मामाबरोबर गलबतातून कराचीला आले. मामा लवकर वारला. आजोबांना आठवायचं ते एवढंच, की गाव खाडीच्या काठाला होतं आणि घरातून बघितलं की पाणी आपल्यापेक्षा उंच दिसायचं. पाणी माणसापेक्षा उंच कसं दिसेल? आम्ही हसायचो. तेही हसायचे. गावाचं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

हे सगळं असंच चाललं असतं, कुणाचं काही अडलं नसतं. अडलं ते माझ्या बहिणीच्या लग्नात.

मुलगा उरणकडचा, बंदरातच कामाला, आमच्याच जातीचा, देखणा. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आवडलं होतं. त्याच्या आईलाही मुलगी पसंत होती. पण लग्न ठरवायला बसले आणि तिनं आमचं देवक विचारलं. आमच्यात लग्नाआधी प्रत्येक घर आपापलं देवक मांडवात बसवतं. कुणाची उंबराची डहाळी, कुणाची कळंबाची, कुणाची आंब्याची. ज्यांचं देवक एक, ती माणसं एका रक्ताची मानायची, त्यांच्यात सोयरीक करायची नाही. आमच्याकडे तर देवकच नव्हतं. वडिलांचं लग्न झालं तेव्हा कराचीत आपली माणसं मोजकीच होती. आईच्या वडिलांनी आपल्याच देवकावर दोघांना उभं केलं आणि कुणी काही विचारलं नाही.

मुलाची आई वाईट बाई नव्हती. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आडनाव कसलं बी असू दे, मी त्याला नाव ठेवत नाय. पण उद्या तुमचं नि आमचं देवक एकच निघालं तर मी भावाबहिणीचं लगीन लावलं असं व्हईल. ते पाप मी कुठं धुवू?" तिचं देवक उंबर. पावसाळ्याआधी आमचं कळवा, एवढंच तिनं मागितलं. तोवर ती दुसरी मुलगी बघणार नव्हती, त्यानंतर बघणार होती.

वडिलांना टोळी सोडून जाता येत नव्हतं. म्हणून मला धाडलं. मला घराबाहेर राहायची सवय नव्हती आणि धास्ती सगळ्याचीच होती. आगबोटीची होती, मुंबईची होती, माझं बोलणं तिकडच्यांना कळेल का याची होती, आणि सगळ्यांत जास्त रिकाम्या हातानं परत यायची होती. बहीण मात्र हसत होती. म्हणाली, नाहीच मिळालं देवक तर एखादं छानसं झाड बघ नि तेच आपलं म्हणून सांग, मला चालेल. पण वाटेसाठी भाकऱ्या बांधून देताना तिनं फडक्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली, आणि माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं की तिच्या मनात काय आहे.

कराचीहून मुंबईपर्यंतचा प्रवास मी भाकऱ्यांच्या गाठोड्याला मिठी मारून केला. मुंबईच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसलो, तिथं थळची एक कोळीण माझ्या शेजारी येऊन बसली. मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन ती परत निघाली होती. बोट सुटायच्या आत तिनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं, कुठला, कशाला, कुणाचा, जेवलास का. आडनाव ऐकलं नि ती मोठ्यानं हसली. पण रात्री राहायला तिनं मला आपल्याच घरी नेलं.

थळला तिच्या अंगणात शेजारपाजारची माणसं गोळा झाली. सुक्या बोंबलांच्या वासात माझ्या आडनावाची चौकशी झाली. कुणी म्हणालं, हे घाटावरचं असेल. कुणी म्हणालं, मिठागरवाल्यांचं. एक म्हातारा मात्र अगदी खात्रीनं म्हणाला की ही माणसं आगरदांड्याची, तरीनं पलीकडे दिघीला जातात त्या बाजूची, सरळ तिकडे जा. मी लगेच उठून निघायच्या तयारीला लागलो. कोळणीनं मला खाली बसवलं.

"त्याचं नको ऐकू," ती म्हणाली. "ह्याला जे म्हाईत नाय ते समदं आगरदांड्याला असतं."

म्हाताराही हसायला लागला. मग तिनं मला खरी वाट सांगितली. ती म्हणाली, आडनाव विचारत फिरशील तर म्हातारा होशील, नि देवक बाप्यांना विचारून कळत नाही. लग्नाचे दिवस आहेत. खारेपाटात जा आणि तिथली धवलारीण गाठ. कुठल्या घराचं काय देवक, ते तिला गाण्यातच पाठ असतं.

तर मी खारेपाटात गेलो. हा सगळा सपाट मुलूख आहे, धरमतरच्या खाडीला लागून. भाताची खाचरं वैशाखात भेगाळलेली, मधून मधून तळी आणि चिंचा, आणि लांबवर मातीची एक लांबच लांब काळी रेघ. ती रेघ काय आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही, कारण माझं सगळं लक्ष मांडवांकडे होतं. ज्या गावात सनई वाजते तिथं शिरायचं, धवलारीण कुठं म्हणून विचारायचं, आणि कळायचं की ती कालच इथून गेली. पण असं कुणी सोडतं होय? आलास तर बस. जेव. एका गावात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, दुसऱ्या गावात कोंबडीचा रस्सा, तिसऱ्या गावात नवरदेवाच्या चुलत्यानं मला आपल्या सासुरवाडीचा कुणी समजून डोक्याला फेटाच बांधला. मी नाही म्हणेपर्यंत बांधून झाला होता. रोज मला वाटायचं की पावसाळा जवळ येतोय नि मी नुसता जेवतोय. पोट भरलेलं आणि जीव टांगलेला, अशी माझी स्थिती.

शेवटी ती भेटली ती खाडीच्या अगदी तोंडावरच्या एका गावात. मी सकाळीच पोचलो. मांडवात ती बसलेली होती, बारीक चणीची, पांढऱ्या केसांची, आणि गात होती. आवाज अंगापेक्षा तिप्पट मोठा. तिच्यामागून बायका ओळ उचलायच्या. मध्ये बोलायची सोय नव्हती. हळद लागेपर्यंत आये कुणाशी बोलत नाही, असं मला सांगण्यात आलं. तोवर मी तिथल्या पुरुषांना आडनाव विचारून पाहिलं. कुणी ओळखलं नाही. मग नवरीच्या मामानं माझ्या हातात खराटा दिला. रिकामा बसू नको, मांडव झाड, पाहुणे यायचेत.

मी मन लावून झाडला. चांगलं काम केलं की देव आपलं बघेल, अशी माझी तेव्हाची समजूत होती. मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात, खाडीकडच्या बाजूला, खांबाच्या बुडाशी चिखलाचा एक गोळा होता आणि त्यात कसलीशी डहाळी खोचलेली. ना कुंकू, ना सुपारी, ना सूत. पानं जाड, मागून मिठाची खर धरलेली. पोरांनी खेळायला आणलं असेल, असं मला वाटलं. बाकीचा मांडव इतका लख्ख आणि इथं हा चिखल. मी तो गोळा खराट्यानं सुटा केला आणि डहाळीसकट उचलून मांडवाबाहेर फेकला. बाहेर एक शेळी उभीच होती.

गाणं थांबलं. ओळीच्या मधेच थांबलं. एवढ्या बायका एकदम गप्प झाल्या की बाहेरच्या सनईवाल्यानंही तोंडातून सनई काढली.

"डहाली कोनी काढली?" आयेनं विचारलं.

खराटा माझ्याच हातात होता. सांगायचं काय राहिलं होतं? बायका एकदम माझ्यावर तुटून पडल्या. हा कुणाचा कोण, कुठून आला, डोळे फुटले काय याचे, एवढी लग्नं झाली या गावात, कुणी हात लावला नाही. आयेनं नुसता हात वर केला, मांडवाबाहेरची दिशा दाखवली, आणि नवरीच्या मामानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. तिकडे शेळी शेवटचं पान चघळत होती. मी चिंचेखाली जाऊन बसलो.  जी एकच बाई मला सांगू शकली असती तिच्याच तोंडावर मी हे करून ठेवलं होतं. बहिणीला काय तोंड दाखवू, हे मी परत परत मनात म्हणत होतो.

हळद लागली. बऱ्याच वेळानं आये एकटीच बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कनचे गावचा तू? कोन तुजी मानसां?"

मी म्हटलं, कराचीचा. गाव ठाऊक नाही. आणि आडनाव सांगितलं.

 ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. मी पुन्हा सांगितलं. मग तिनं विचारलं ते असं, "तुजे घरान पुनवेला न अवसेला काय करतान?"

काय सांगणार? आमच्या घरी पूजाअर्चा काही मोठी नाही. आठवून आठवून मला एकच गोष्ट आठवली. पुनवेला आणि अवसेला आई सकाळी मूठभर ओली माती घेते आणि उंबऱ्याच्या कोपऱ्यात दाबते. आजोबा करायचे म्हणून वडिलांनी केलं, आता आई करते. का, ते कुणाला माहीत नाही. मुंग्या येऊ नयेत म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. हे सांगताना मला लाज वाटली, एवढी क्षुल्लक गोष्ट.

आये खालीच बसली. आणि हसायला लागली. असं हसली की आतल्या बायका धावत बाहेर आल्या. तिला धड बोलता येईना. शेवटी तिनं मांडवाकडे हात केला नि म्हणाली, "आख्ख्या गावान कोनी हात लावला नाय तिला. न ज्याची त्यानीच येऊन शेलीला घातली!"

मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. ज्या बायकांनी मला शिव्या घातल्या होत्या त्यांनीच माझ्या अंगावर हळद फेकली. मला अजून काहीच कळलं नव्हतं, मी नुसता पिवळा होऊन उभा होतो.

नवरीकडच्या पंगती उठल्यावर आयेनं मला त्या काळ्या रेघेवर नेलं. निम्मं गाव मागून आलं. ती रेघ म्हणजे समुद्राचा बांध. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मध्ये हा चिखलाचा बांध. भरतीची वेळ होती. बांधाच्या आत खाचरात उतरून मी मागं वळून पाहिलं तर बांधापलीकडच्या होडीचा काठ माझ्या डोळ्यांच्या वर दिसत होता. पाणी आपल्यापेक्षा उंच. आजोबा खरंच बोलत होते. मला तिथं रडू आलं. एक जण म्हणाला, आणखी खारं पाणी नको रे आत, आधीच पुष्कळ आहे. सगळे हसले, मीही.

मग जे सांगितलं गेलं ते असं. अवस-पुनवेच्या उधाणाला बांध फुटतो. जिथं फुटतो त्या खिंडाराला तिकडे खांड म्हणतात. खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि दोन-तीन वर्षं भात होत नाही. म्हणून गावानं जोळ घालायची. जोळ म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस, हातोहात चिखलाचे गोळे, सगळ्यांनी मिळून बांध घालायचा, कुणाला मोल नाही. फार मागं, आयेच्या आजेसासूच्या काळात, एक मोठी खांड गेली. गोळा टाकला की पाणी तो वाहून न्यायचं. तेव्हा एक माणूस त्या धारेत उतरला, खाडीकडे पाठ करून आडवा उभा राहिला आणि त्याच्या छातीला लावून लोकांनी गोळे रचले. पाणी ओसरेपर्यंत तो हलला नाही. खांड बुजली. त्या वर्षी गावाला भात मिळाला. लोक त्याला खांडबुज्या म्हणायला लागले आणि त्याचं घर झालं खांडबुजे.

आता यातली खरी गंमत पुढे आहे. गावानं त्याचा मान करायचा ठरवला. पैसाअडका कुणाकडेच नव्हता. म्हणून पंचांनी त्याला त्याच्या जुन्या भावकीतून काढून वेगळं घर दिलं आणि वेगळं देवक दिलं. बांधाबाहेर चिखलात उगवणारं तिवराचं झाड, ज्याच्या मुळ्यांनी बांध टिकतो, त्याची डहाळी. हे देवक दुसऱ्या कुठल्याच घराचं नाही. या आडनावाचे दुसरे भाऊबंदही कुठं नाहीत, कारण हे आडनाव एका माणसापासून सुरू झालं. मास्तरला ते दुसरीकडे कसं भेटणार?

पुढं तो माणूस तापानं गेला. दोन मुलगे मागे राहिले. थोरला कुठल्याशा मिठागरावर गेला तो गेलाच. धाकट्याला मामा गलबतात घालून घेऊन गेला. तेच माझे आजोबा. गावाला वाटलं, येतील परत. म्हणून त्या गावात लग्न निघालं की लग्नघरचं देवक बसवून झाल्यावर खाडीकडच्या कोपऱ्यात बांधावरचा चिखल आणि तिवराची डहाळी ठेवायची. त्या घराचं माणूस नाही, म्हणून कुंकू लावायचं नाही. माणूस आला की त्यानं लावायचं. गावातले लोक तिला नुसती बांधाची डहाळी म्हणत. घराचं नाव फक्त धवलारणीच्या गाण्यात राहिलं. सासूनं सुनेला शिकवलं, तसं ते आयेपर्यंत आलं. आणि पुनवे-अवसेला उंबऱ्यात माती दाबायची चाल त्या माणसाची बायको करायची, हेही गाण्यातच होतं.

मी लगेच विचारलं, देवक तिवर, उंबर नाही ना? मला तेवढ्याचीच पडली होती. आयेनं सांगितलं, उंबर नाय, कळंब नाय, कनचंच नाय, तिवर. मी तिच्याकडून ते चार वेळा वदवून घेतलं. ती वैतागून म्हणाली, एवढ्या लांबून ऐकायला आलास अन् कान एवढे जड कसे.

त्या दिवशी संध्याकाळी नवी डहाळी मांडवात आली आणि तिला मी कुंकू लावलं. कुंकू सांडलं, निम्मं चिखलावर पडलं. आयेनं चालेल म्हटलं.

पुढचे काही दिवस तिनं मला सोडलं नाही. कराचीत धवलारीण नाही हे ऐकल्यावर ती म्हणाली, मग गाणं कोण म्हणणार? आणि आमच्या घराचा जेवढा भाग आहे तेवढा मला शिकवायला घेतला. पुरुषाच्या तोंडी धवळे कधी कुणी ऐकले नव्हते. बांधावर बसून मी ओळ म्हणायचो, खाचरात ढेकळं फोडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून पोट धरायच्या. आये मात्र गंभीर. पुन्हा म्हण. पुन्हा. चाल चुकली की गुडघ्यावर चापट. शाळेत मला इतकं मनापासून कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर चौथीच्या पुढंही गेलो असतो, कोण जाणे.

त्याच दिवसांत गावानं पावसाळ्याआधीची जोळ घातली. प्रत्येक घरातून एक माणूस आला. आयेच्या घरी पुरुष नाही. नवरा गेलेला, मुलगी दिलेली. लोक म्हणाले, तुला माफ आहे. ती म्हणाली, माफी नको, आणि लुगड्याचा काचा मारून स्वतः ओळीत उभी राहिली. ज्या तोंडून सगळ्या मुलखाची लग्नं लागतात त्या बाईच्या डोक्यावर चिखलाचा गोळा. तिच्या शेजारी मी उभा होतो. गोळा हातात घेतला की निसटायचा, पायावर पडायचा. पुढचा माणूस म्हणाला, खांडबुज्याचा पणतू असून गोळा धरता येईना होय? सगळ्या ओळीत हसू पसरत गेलं, टोकापर्यंत. इतकं आपल्या माणसांत असल्यासारखं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

परतीच्या आगबोटीत डहाळी सुकली. पानं गळली. मी काळजीनं अर्धा झालो. नुसती काटकी दाखवून त्या बाईचं समाधान कसं करणार? केमारीला उतरलो, चाळीकडे निघालो, आणि आमच्या मागच्या खाडीकाठी सगळीकडे तेच झाड उभं. जाड पानं, मागून मीठ. जन्मापासून ते मी बघत आलो होतो. घरात शिरलो तर आईच्या चुलीत त्याचीच लाकडं जळत होती. मी सांगितलं तसं आईनं पेटतं लाकूड ओढून बाहेर काढलं, विझवलं, आणि त्याला हात जोडले. मग वडील हसायला लागले. इतकी वर्षं आपण देवावरच भात शिजवतोय, म्हणाले.

मुलाची आई दुसऱ्या दिवशी आली. वडिलांनी ताजी डहाळी पाटावर ठेवली होती. मी जे ऐकलं ते सगळं सांगितलं, बांध, धार, छातीला लावलेले गोळे. तिनं डहाळी उचलली, उलटी केली, हुंगली, पानाला जीभ लावून पाहिली. बहीण आतल्या दाराशी उभी होती. मला तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"हे आमचं नाय," मुलाची आई म्हणाली. आणि डहाळी खाली ठेवून बहिणीला तिनं जवळ बोलावलं.

लग्न पावसाळ्याआधी झालं. मांडवात आमचं देवक बसलं आणि गाणं मी म्हटलं. बायका इतक्या हसल्या की एकीच्या तोंडातलं पान बाहेर पडलं. नवरीसुद्धा हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चाल दोन ठिकाणी चुकली. मला गुडघ्यावर चापट बसल्याचा भास झाला.

आता बहिणीला दोन मुलं आहेत, मला तीन. खांडबुजे म्हणून आज आईवडील धरून आम्ही सात माणसं आहोत, सगळी कराचीत. मिठागरावर गेलेल्या थोरल्याचं कुणी असेल तर आणखी असतील. बंदरात नवं गलबत लागलं की मी खलाशांना विचारतो. अजून कुणी भेटलं नाही, पण विचारायचं मी सोडलेलं नाही. थळकडचा एक खलाशी मागच्या खेपेला सांगून गेला की आये अजून लग्नं लावते, आवाज थोडा बसलाय, आणि बांधाला जोळ निघाली की अजून स्वतःच ओळीत उभी राहते. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

तिला मी काय देणार? लुगडं पाठवलं होतं, ते तिनं गावातल्या एका नवरीला देऊन टाकलं, असं कळलं. म्हणून इथं लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. टोळीचं काम मुलांकडे सोपवायची वेळ आली की, आणि त्याआधी जमलं तर त्याआधी, मी खारेपाटात येईन. तिच्या घरचा माणूस म्हणून ओळीत उभा राहीन आणि तिच्या वाट्याचे गोळे मी उचलीन, ती पुरे म्हणेपर्यंत. तिनं बांधावर बसावं आणि चुकलं तर ओरडावं.